उतारा साडेअकरा

काटेवाडी, ११ नोव्हेंबर २०२४

इंदापूरच्या छापखान्यात अक्षरजुळणी पाहणाऱ्या सौ. वृषाली मारकड यांना निवृत्त विज्ञान शिक्षक सावळाराम काटकर यांचा नमस्कार.

तुमचे मालक आबाजी यांनी तुमचं नाव सुचवलं. म्हणाले, बाई कमी बोलतात आणि कमी चुकतात. पहिला गुण बायकांत दुर्मीळ, दुसऱ्याची परीक्षा मी घेईन.

सोबत हस्तलिखित आहे, 'हजार प्रश्न, हजार उत्तरे'. पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी विज्ञान, गणित आणि तंत्रज्ञान. सेल्सिअस आणि फॅरनहाइट कोणत्या आकड्यावर एक होतात? उणे चाळीस. डोळ्याच्या कोणत्या भागात रक्तवाहिनी नसते? पारपटल. एक प्रश्न, एक उत्तर, फाटे नाहीत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या चाळीस शाळा पुस्तक घेणार आहेत. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, सोमेश्वरनगरला प्रकाशन आहे.

छत्तीस वर्षं शिकवलं. वर्गात मी एकदाही चुकलो नाही, हे माझे विद्यार्थी सांगतील. जे सांगणार नाहीत त्यांना मी वरच्या वर्गात ढकललं, तेवढीच काय ती माझी चूक. माझ्यामागे हे पुस्तक सोडून दुसरं काही राहणार नाही, त्यामुळे ते बिनचूक निघालं पाहिजे.

फोन करू नका. बोललेलं वाऱ्यावर जातं. लिहून विचारा, लिहून सांगेन. घरात बारावीला असलेली नात आहे, राजलक्ष्मी, पण तिच्याकडे प्रूफं देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. तपासणार मी स्वतः.

सावळाराम काटकर

---

इंदापूर, १९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सर,

हस्तलिखित मिळालं, एकशे चौऱ्याण्णव पानं. अक्षर मोत्यासारखं आहे. शेवटच्या तीसेक पानांत मात्र ओळी खाली घसरल्या आहेत आणि काही ठिकाणी एका ओळीवर दुसरी बसली आहे. तिथं पेन्सिलीनं खुणा करून पानं परत पाठवते.

प्रश्न २०३ मध्ये शरीरातल्या सर्वांत लहान हाडाचं नाव 'रिकीब' आहे की 'रकीब', ते लागत नाही. मी 'रिकीब' धरलं आहे. प्रस्तावना अजून आलेली नाही.

आपली,
वृषाली मारकड

---

काटेवाडी, ३ डिसेंबर २०२४

सौ. मारकड,

ओळी घसरल्या त्या दिवशी वीज नव्हती. इतकं साधं कारण असताना पेन्सिल झिजवायची गरज नव्हती. हाड रिकीब. रकीब गझलेत असतो, कानात नसतो.

प्रस्तावना पाठवतो आहे. तिच्यात एक खरी गंमत घातली आहे, ती नीट जुळवा. मुलं आधी हसली की मग शिकतात.

'सोमेश्वरनगरच्या शाळेत सातवीचा वर्ग होता. मी विचारलं, आम्लावर उतारा काय? शेंबड्या पोरालाही यावं असं उत्तर, आम्लारी. एका मुलीनं सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि ठणकावून म्हणाली, साडेअकरा, सर. बाप साखर कारखान्यात कामाला. घरात दिवाळीपासून होळीपर्यंत उतारा एकच, शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो. मी तिला बाकावर उभं केलं आणि म्हटलं, उद्या हिच्या अंगावर ॲसिड सांडलं तर साडेअकरा किलो साखर ओता रे. वर्ग दहा मिनिटं हसत होता. दहावीपर्यंत तिचं नाव साडेअकराच राहिलं. हजेरीही मी त्याच नावानं घेत असे.'

या गोष्टीतून मुलांना कळेल की शब्द नेमका वापरावा. आता तीस वर्षं होत आली, तरी मला ती आठवली की हसू येतं.

सावळाराम काटकर

---

इंदापूर, १४ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,

प्रस्तावना जुळवली. जुळवण्याआधी तीनदा वाचली.

एक विचारू का? त्या मुलीचं पुढं काय झालं? वाचणाऱ्या मुलांनाही हा प्रश्न पडेल. आणि 'उतारा' या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या गावात चालत असतील, तर तिचं उत्तर चुकलं म्हणायचं की प्रश्न अपुरा होता म्हणायचं? हे प्रस्तावनेत एका वाक्यात यावं का, ते कळवा.

आपली,
वृषाली मारकड

---

काटेवाडी, २८ डिसेंबर २०२४

सौ. मारकड,

पुढं काय होणार? ट्रॉलीमागे उसाच्या मोळ्या मोजत असेल, नाहीतर कुणाच्या तरी चुलीपुढं फुंकणी घेऊन बसली असेल. दहावीनंतर बापाला घेऊन माझ्याकडे आली होती. सायन्सला जायचं म्हणे, शिफारस द्या. मी बापाला म्हटलं, 'गोकुळराव, हिला आर्ट्सला घाला, तितं साडेअकरा खपून जातंय.' गरीब माणूस. हसला, हात जोडले आणि पोरीला घेऊन गेला. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती, एवढं आठवतं. चेहरा आठवत नाही. अशा चेहऱ्यांना लक्षात ठेवायचं म्हटलं तर डोक्यात दुसरं काही मावायचं नाही.

आणि माझा प्रश्न अपुरा होता, असं तुम्ही म्हणता? तुम्ही टायपिंग करा. विचार करायला मी बसलो आहे.

आता एक नियम सांगतो. ज्या पानावर माझी सही झाली, त्या पानावरचं टिंबसुद्धा हलवायचं नाही. सुधारणा करण्याची ज्यांना फार हौस असते त्यांचीच मला जास्त भीती वाटते.

सावळाराम काटकर

---

इंदापूर, १८ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

नियम समजला. मुलीबद्दल सविस्तर लिहिलंत, बरं झालं. मला ते जाणून घ्यायचं होतं.

शेवटची प्रूफं पाठवते आहे. पान ८४ जरा जास्त काळजीनं पाहावं. तिथं रासायनिक सूत्रं आहेत, त्यांतले खालचे आकडे फार बारीक असतात आणि माझ्या हातून गफलत होऊ शकते. प्रत्येक पानावर 'तपासले' असं लिहून सही करावी, म्हणजे नंतर कुणाला दोष द्यायला नको.

आपली,
वृषाली मारकड

---

काटेवाडी, २९ जानेवारी २०२५

सौ. मारकड,

सगळी पानं तपासली. चष्माही लागला नाही. पान ८४ केवळ तुमच्या समाधानासाठी दोनदा पाहिलं. बिनचूक आहे. सूर्याचा प्रकाश आठ मिनिटं वीस सेकंदांत पृथ्वीवर येतो, तुमची प्रूफं इंदापूरहून काटेवाडीला यायला चार दिवस लागतात, एवढीच तक्रार.

छापा.

सावळाराम काटकर

---

काटेवाडी, ६ मार्च २०२५

सौ. मारकड यांस,

(माझे आजोबा, आबा, सांगत आहेत आणि मी, राजलक्ष्मी, लिहिते आहे. एकही शब्द गाळायचा नाही असं त्यांनी बजावलं आहे.)

२८ तारखेला सोमेश्वरनगरला हॉल भरला होता. चाळीस शाळांची मुलं, शिक्षक, कारखान्यातून निवृत्त झालेले दोन केमिस्ट पहिल्या रांगेत. मी भाषणात सांगितलं की या पुस्तकाबाहेर उत्तर नाही, पुस्तकात आहे तेच बरोबर. मग म्हटलं, कुणीही उठावं, कोणतंही पान उघडावं, प्रश्न विचारावा.

सहावीतली एक मुलगी उठली. प्रश्न चारशे सतरा, उसाच्या साखरेचं रासायनिक सूत्र काय? मी म्हटलं, सी बारा, एच बावीस, ओ अकरा. ती म्हणाली, 'चुकलं, सर.' मी म्हटलं, 'खाली बस, मूर्ख कुठली.' ती बसली नाही. म्हणाली, 'सर, पुस्तकात सी अकरा, एच बावीस, ओ बारा हाय. तुमीच म्हणला, पुस्तकात हाय तेच बरोबर.'

हेडमास्तरांनी पाहिलं आणि म्हणाले, मुलगी बरोबर वाचते आहे. पुस्तक माझ्या हातात दिलं. मी ते डोळ्यांजवळ नेलं. मला पानावर पांढऱ्याखेरीज काही दिसत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. काचबिंदू आहे. दीड वर्ष झालं. घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, 'गुरुजी, पुस्तक उलटं धरलंय.' केमिस्ट हसले, मग मुलं हसली. साखरेच्या गावात साखरेचं सूत्र चुकवणारा मास्तर म्हणून आता दोन्ही तालुक्यांत माझं नाव झालं. आमच्या गल्लीतली पोरं मला 'अकरा-बावीस-बारा' म्हणून हाक मारतात.

ते मी सोसेन. मला फक्त एक कळवा. अशा आणखी किती चुका आहेत? हजार उत्तरं आहेत. पुस्तक शाळांत वाटून झालं. मुलं पाठ करत आहेत आणि मला वाचता येत नाही. किती आणि कोणत्या, एवढंच सांगा. तुम्हाला मी वाकडं बोललो असेन, तर ते बाजूला ठेवा.

सावळाराम काटकर

---

इंदापूर, १५ मार्च २०२५

सर,

पान ८४ माझ्या समोर आहे. 'तपासले, बिनचूक' हे शब्द आणि तुमची सही पानाच्या तळाशी नाही, डोक्यावर आहे, आणि पालथी आहे. तुम्ही पान उलटं धरून सही केलीत. बावन्न पानं अशीच आहेत. तुम्हाला दिसत नाही हे सोमेश्वरनगरच्या हॉलच्या महिनाभर आधी मला कळलं होतं.

आकड्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली. मुद्दाम केली नव्हती. पान परत आलं तेव्हा ती मला दिसली. दुरुस्त करायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण सही झालेल्या पानावरचं टिंबसुद्धा हलवायचं नाही, असा तुमचा नियम होता. मी हात मागे घेतला आणि पान छपाईला दिलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, हेही सांगून टाकते.

मी मोळ्या मोजत नाही. चुलीपुढं बसते, पण फुंकणी लागत नाही, गॅस आहे. गोकुळराव माझे वडील. कारखान्याच्या लॅबमध्ये रसाच्या नमुन्यांच्या बाटल्या धुवायचे आणि घरी आल्यावर चपला काढायच्या आधी आईला त्या दिवसाचा उतारा सांगायचे. आमच्या घरात तीच विज्ञानाची भाषा होती. सातवीत त्या भाषेत मी तुम्हाला उत्तर दिलं. त्यानंतर चार वर्षं मी वर्गात हात वर केला नाही. तुमच्या घरून निघाल्यावर वडील फाटकापर्यंत हसत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, 'पोरी, सर थट्टा करत्यात गं,' आणि स्टँडपर्यंत माझ्यापुढं चालत राहिले. मी आर्ट्सला गेले. बी.ए.चा निकाल वडिलांनी पाहिला नाही, त्याआधीच गेले.

तुमच्या प्रस्तावनेतली गंमत मी माझ्याच बोटांनी जुळवली, सर. एकही काना-मात्रा चुकवली नाही.

आणखी किती चुका आहेत, म्हणता. मला आकडा माहीत आहे. तुम्हाला सांगणार नाही. साडेअकरा धरून चाला.

वृषाली गोकुळ जगताप

---

काटेवाडी, २७ मार्च २०२५

वृषाली,

हे मी स्वतः लिहितो आहे. ओळींवर ओळी पडत असतील. राजलक्ष्मीला सांगून लिहिण्यासारखं हे नाही.

तुझा चेहरा आठवत नाही हे खोटं होतं. दोन वेण्या, पहिला बाक, दप्तराऐवजी साखरेच्या पोत्याची पिशवी. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कारखान्याच्या फाटकावरून सायकलीनं गेलो. बाहेरच्या फळ्यावर त्या दिवसाचा उतारा खडूनं लिहिलेला होता. साडेअकरा. तुझा आकडा अचूक होता. मी सायकलीवरून उतरून तो पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगता आलं असतं. नाही सांगितलं, कारण वर्ग पुन्हा हसला असता आणि त्या खेपेला माझ्यावर हसला असता. मग तेच नाव रेटत राहिलो. नाव जितकं जुनं झालं तितका मीही निर्धास्त झालो.

वडील गेले, हे मला माहीत नव्हतं.

माझ्यासाठी काही मागत नाही. पण हे पुस्तक सोडून माझ्याजवळ काही नाही, आणि त्यातलं खरं किती, खोटं किती, हे मला या अंधारात कळत नाही. पाठ असलेलंही आता खरं वाटत नाही. सांग.

सावळाराम

---

इंदापूर, ५ एप्रिल २०२५

सर,

पत्र लागायला दोन दिवस गेले. एकेक शब्द सोडवून वाचला.

चूक एकच आहे. प्रश्न ४१७. बाकीची नऊशे नव्याण्णव उत्तरं मी दोनदा ताडून पाहिली आहेत, आणि ती बरोबर आहेत. पुस्तक चांगलं झालं आहे. चाळीसही शाळांना दुरुस्तीची चिठ्ठी आजच पोस्टानं पाठवली, छापखान्याची चूक म्हणून, माझ्या नावानं.

तुम्हाला माफ केलं असं लिहिता येत नाही, तेवढं मन मोठं नाही. पण मी खोटं सांगून तुम्हाला अंधारात बसवलं. मला बसवलं होतंत त्यापेक्षा ते कमी वाईट नव्हतं. आता निश्चिंत राहा.

राजलक्ष्मी, हे आबांना मोठ्यानं वाचून दाखव.

वृषाली

---

काटेवाडी, २२ एप्रिल २०२५

वृषालीताई,

तुमचं पत्र दहा तारखेला आलं. पोस्टमन लखनमामा पत्रं माझ्याच हातात देतो. आधीची सगळी आबांनी मलाच वाचायला लावली, कधी तुझं वाचन तपासतो म्हणून, कधी चष्मा सापडत नाही म्हणून. मी ते आबांना वाचून दाखवलेलं नाही.

तुम्ही त्यांच्या वर्गात चार वर्षं काढलीत. मी अठरा काढली, आणि मला सुट्टीसुद्धा नव्हती. चहा नेऊन दिला की विचारायचे, पाणी महाबळेश्वरला किती अंशांना उकळतं. चुकलं की कप तसाच परत करायचे, आणि पुन्हा बरोबर उत्तर देईपर्यंत कुणी नाश्त्याला बसायचं नाही. पाहुण्यांपुढं माझी ओळख 'आमचा भोपळा' अशी करून द्यायचे. आईनं एकदा विचारलं की पोरीला असं का बोलता, तर आईलाच त्यांनी तेराचा पाढा म्हणायला लावला, सगळ्या भावकीसमोर. आई सातवी शिकलेली. तेरा सत्ते झाल्यावर ती अडली आणि तशीच उभी राहिली. तेव्हापासून ती त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलायची नाही.

प्रूफांचं पाकीट डिंक लावून मीच बंद केलं होतं. सह्या उलट्या आहेत हे मलाही दिसलं होतं. मीही बोलले नाही. म्हणजे तुम्ही एकट्याच नव्हतात, ताई.

आता आबा दिवसभर ओट्यावर बसतात, पुस्तक मांडीवर असतं. मी एक प्रश्न वाचते. पूर्वी उत्तर माझा प्रश्न संपायच्या आत यायचं. आता म्हणतात, 'पुस्तकात काय हाय?' मी सांगते. म्हणतात, 'पण ते बरोबर हाय का?' मी म्हणते, 'ठावं न्हाय.' मग मान हलवतात आणि पुढचा वाच म्हणतात. गल्लीत कुणी तारीख विचारली तरी सांगत नाहीत. दुसऱ्याला विचारा, माझं चुकंल, असं म्हणतात.

घरात आवाज नाही. आई परवा भाजी निवडताना गाणं गुणगुणली, ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. पत्र आलं त्या दिवशी मी ठरवलं होतं की संध्याकाळी वाचू. मग म्हटलं, उद्या. मग म्हटलं, आईला आणखी चार दिवस मिळू देत. आता बारा दिवस झाले. वाईट वाटत नाही असं नाही. ते जेवत कमी आहेत, आणि मला ते दिसतं. तरी पत्र ट्रंकेतून बाहेर काढायला हात होत नाही. तुम्हालाही अर्धं मिनिटच लागणार होतं ना?

कृपा करून पुन्हा लिहू नका.

काल दुपारी लखनमामाची सायकल वाजली तेव्हा आबा उठून भिंत धरत दारापर्यंत आले. म्हणाले, 'लक्षे, इंदापूरचं पत्र आलं का गं?'

मी म्हटलं, 'न्हाय, आबा.'

'यील,' म्हणाले. 'पोरगी हुशार होती.'

मी 'व्हय' म्हटलं आणि त्यांना हाताला धरून परत ओट्यावर बसवलं.

राजलक्ष्मी